कॅलेंडरातले छोटे छोटे दिवस घरात साजरे करता का कोणी? आमच्याकडे तीन वर्षं चालू आहे

तलावपाळी | ५ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, हे लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, आज पोरं लवकर झोपली म्हणून बसलेय. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई, लेक पाचवीत आणि धाकटा पहिलीत.

तीन वर्षांपूर्वी २० मार्चला लेक शाळेतून आली आणि दप्तर टाकायच्या आधीच म्हणाली, आई आज चिमणी दिवस आहे, आपण काय करायचं? मला असा काही दिवस असतो हेच माहीत नव्हतं. सासूबाईंनी मात्र उठून तुळशीच्या कुंडीखालची मातीची पसरट थाळी काढली, घासली, पाणी भरून बाल्कनीत ठेवली आणि मग सांगायला लागल्या की त्यांच्या माहेरी चिमण्या भिंतीवरच्या तसबिरीमागे घरटं करायच्या, तसबिरी तिरक्या लावलेल्या असायच्या ना तेव्हा, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत त्या खोलीतला पंखा लावायचा नाही असा त्यांच्या वडिलांचा नियम, भर उन्हाळ्यात सगळे घामाघूम पण पंखा बंद. पोरं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मी लग्न होऊन चौदा वर्षं त्यांच्यासोबत राहतेय, मलाही ही गोष्ट माहीत नव्हती. नंतर शोधलं तेव्हा कळलं की हा दिवस कुठल्या परदेशी कंपनीने काढलेला नाहीये, आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने पुढाकार घेतला आणि २०१० पासून तो जगभर पाळतात. थाळीवर चिमणी अजून आली नाही, बुलबुल मात्र रोज येतो, जोडीने.

तेव्हापासून लेकीने एक वही केलीय, त्यात ती असे दिवस लिहून ठेवते. महिन्याला एक, जास्तीत जास्त दोन. विकत काही आणायचं नाही, अर्ध्या-पाऊण तासात व्हायला हवं, आणि फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, हे तीन नियम तिच्या बाबांनी घातलेत. बरेच दिवस करून बघितले, काही टिकले काही नाही. तुमच्याकडे कोणी करतं का? कोणते दिवस? वहीत भर घालायची आहे, मनापासून विचारतेय.

कोपरीकर | ६ एप्रिल, सकाळी ७:४२

छान लिहिलंय ताई. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे सण काय कमी आहेत का? श्रावण लागला की दर चार दिवसांनी काहीतरी असतंच. बायको सकाळी सातच्या लोकलने जाते रात्री आठला येते, मी शिफ्टमध्ये, त्यात हा डे तो डे म्हणून शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतात, आज पिवळा ड्रेस उद्या फळाचा मुखवटा, रात्री दहाला कार्डपेपर शोधत फिरायचं. दमायला होतं हो. अजून दिवस नकोत असं वाटतं.

तलावपाळी | ६ एप्रिल, सकाळी ९:१५

@कोपरीकर दादा राग कसला, खरं आहे तुमचं. रात्री दहाचा कार्डपेपर मीही शोधलाय, राम मारुती रोडची सगळी दुकानं बंद. म्हणूनच विकत काही नाही हा नियम. आणि एक लक्षात आलंय, जो दिवस घरातल्या कुणाचा तरी असतो तोच टिकतो. आम्ही पिझ्झा दिवस, इमोजी दिवस असलं पण केलं होतं पहिल्या वर्षी, पुढच्या वर्षी कुणाला आठवणही झाली नाही. चिमणी दिवस सासूबाईंचा आहे म्हणून राहिला.

सीवूड्स_सकाळ | ६ एप्रिल, दुपारी १:०५

आमच्याकडचा १३ ऑगस्ट! डावखुऱ्यांचा दिवस. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डीन कॅम्पबेल यांनी सुरू केला, ते स्वतः डावखुरे. आमची लेक डावखुरी आहे, सातवीत. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की त्या दिवशी संध्याकाळी सहा ते नऊ घरातल्या सगळ्यांनी सगळं डाव्या हाताने करायचं. आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या जेवण आणि देवाला फूल उजव्याच हाताने, त्यावर तडजोड नाही. बरं, ते दोन सोडून बाकी सगळं.

नवऱ्याने डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायला घेतलं. रिंगवाली वही होती, तिची तार मनगटाला टोचायला लागली, शाई तळहाताला लागून सगळी पुसली आणि अक्षरं अशी आली की पहिलीतलं मूल बरं. दहा मिनिटं नुसतं नाव गिरवत होता तो. लेक शेजारी उभी राहून बघत होती आणि अगदी साधेपणाने म्हणाली, बाबा मला रोज असंच होतं, म्हणून माझ्या वह्या घाण दिसतात. आम्ही दोघं एकदम गप्प झालो. कारण वही घाण दिसते म्हणून तिला आम्ही दोघंही ओरडलेलो होतो, अनेकदा. क्लासला ज्या खुर्च्या आहेत त्यांना लिहायची फळी उजव्या बाजूला जोडलेली, ती तिरकी बसून लिहिते, पाठ दुखते म्हणायची ते आम्ही मोबाईलवर ढकलत होतो.

मग आई बोलायला लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ डावखुरा होता, मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटांवर पट्ट्या मारमारून त्याला उजवा केला आणि तो नंतर बरीच वर्षं अडखळत बोलायचा. कशाने झालं ते देव जाणे, पण आईंचं म्हणणं त्या पट्ट्यांनीच. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने क्लासच्या सरांशी बोलून तिला बिनफळीचं टेबल मिळवून दिलं, आणि वह्या आता वरून उघडणाऱ्या घेतो, तार वरच्या बाजूला येते त्या.

घंटाळीची_गल्ली | ६ एप्रिल, दुपारी २:३०

@सीवूड्स_सकाळ वाचून अंगावर काटा आला. माझा पुतण्या डावखुरा आहे, वह्यांचं आजच सांगते वहिनीला. कात्रीचं पण बघा, डावखुऱ्यांची वेगळी मिळते, पाती उलटी असतात.

खारघर_टेकडी | ६ एप्रिल, रात्री १०:२०

मी गणित शिकवतो त्यामुळे आमच्या घरात पाय दिवस, गणितातला पाय (π), वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. १४ मार्च, म्हणजे ३.१४, सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये सुरू केला, पुढे युनेस्कोने तोच आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला. पण महिना आधी आणि तारीख नंतर ही अमेरिकन पद्धत झाली, आपण तारीख आधी लिहितो, म्हणून आम्ही २२ जुलैला करतो, २२/७. शाळेत आपण सगळे तेच शिकलो ना, पाय म्हणजे बावीस सप्तमांश.

काय करतो सांगतो, कोणालाही जमेल. स्वयंपाकघरातलं जे गोल असेल ते गोळा करायचं. डब्याचं झाकण, ताट, कुकरची रिंग, बायकोने लाटलेली पोळी (ही कधीच पुरती गोल नसते म्हणून ती शेवटी). शिवणाचा दोरा घ्यायचा, झाकणाच्या कडेने एक वेढा घालून कापायचा. मग तोच दोरा झाकणावर मधोमध आडवा लावून तेवढेतेवढे तुकडे करायचे. तीन पूर्ण तुकडे होतात आणि एक छोटासा उरतो. मग ताट. परत तीन आणि छोटासा. मुलाने सहा वस्तू मोजल्या आणि प्रत्येक वेळी तीन आणि छोटासा, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, तो उरलेले छोटे तुकडे काडेपेटीत ठेवतो, प्रत्येकावर चिठ्ठी, ताटाचा, झाकणाचा.

जेवताना मग आर्यभटाची गोष्ट. त्याने इसवी सन ४९९ च्या सुमारास श्लोकात सांगितलं की शंभरात चार मिळवा, आठने गुणा, बासष्ट हजार मिळवा, हा झाला वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ. करून बघा, ६२८३२ भागिले २००००, येतं ३.१४१६. आणि त्याने त्याला आसन्न म्हटलंय, म्हणजे जवळपासचं, पुरतं नाही. पंधराशे वर्षांपूर्वी हा माणूस सांगतोय की हे उत्तर जवळपासचं आहे. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मला तेवढाच आनंद होतो.

नेरूळची_माई | ७ एप्रिल, सकाळी ६:३०

मी वय वर्षे ७१, नातवाने टाईप करायला शिकवलं आहे, चुका सांभाळून घ्या. कोपरीकरांचं पटलं आणि तलावपाळीचंही. अरे बाळांनो असले मजेशीर दिवस आपल्याकडे होतेच की, फक्त तुम्ही ते सोडून दिलेत. कांदेनवमी माहीत आहे का किती जणांना? आषाढ शुद्ध नवमी, आषाढीच्या दोन दिवस आधी. एकादशीपासून चातुर्मास, मग पुष्कळ घरांत कांदा लसूण वांगं बंद, म्हणून नवमीला कांद्याचं सगळं करून मनसोक्त खायचं. आमच्याकडे कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, भरले कांदे (छोटे छोटे घ्यायचे, देठाकडून चार चिरा, दाण्याचं कूट खोबरं गोडा मसाला भरून), कांदेभात आणि लसणाची चटणी. घरभर वास, जिन्यापर्यंत. माझे मिस्टर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून गोणी आणायचे आणि मजल्यावरच्या चारही घरांत वाटा जायचा. वांगं परत यायचं थेट चंपाषष्ठीला, मार्गशीर्षात, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. पाच-सहा महिन्यांनी खाल्लेल्या त्या भरताची चव तुम्हाला बारा महिने वांगी खाणाऱ्यांना सांगून कळायची नाही.

हल्ली सून म्हणते आई आपण चातुर्मास पाळत नाही मग कांदेनवमी कशाला. मी म्हटलं भजी तर खाशील? तर हो म्हणाली.

कोपरीकर | ७ एप्रिल, सकाळी ८:०५

माई, कांदेनवमी! आमची आजी करायची. मी विसरलोच होतो पार. कोपरीतल्या चाळीत खालच्या घरातून वर भज्यांचं ताट यायचं. यंदा करतो. शब्द दिला.

बेलापूर४२ | ७ एप्रिल, दुपारी १२:५०

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की आम्ही पिनकोडचा वाढदिवस करतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभागाचा, आपला ४. प्रत्येकाने एक पोस्टकार्ड लिहायचं, पिनकोडसकट पूर्ण पत्ता स्वतः घालायचा. पन्नास पैशाला एक, घरातल्या सगळ्यांचं मिळून चहाच्या एका कटिंगपेक्षा स्वस्त. आदल्या आठवड्यात पोस्टातून आणून ठेवावी लागतात, कधी कधी संपलेली असतात. माझ्या मुलीने गावाला आजोबांना लिहिलं, सहा दिवसांनी पोचलं, आजोबांनी फोन केला नाही, उत्तर पोस्टकार्डानेच पाठवलं. आता वर्षभर चालू आहे दोघांचं. फोनवर पाच मिनिटं न बोलणारे आमचे बाबा कार्डाची दोन्ही बाजू भरून लिहितात, कडेला आडव्या ओळीसुद्धा.

घंटाळीची_गल्ली | ७ एप्रिल, दुपारी ३:१५

ठाणेकरांनो, १६ एप्रिल विसरू नका! आपला दिवस आहे. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून सुटली ती आपल्या ठाण्याला आली. दुपारी ३:३५ ला, १४ डबे, ४०० पाहुणे, तीन इंजिनं ओढत होती, साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस तोफांची सलामी.

तलावपाळी | ७ एप्रिल, रात्री ९:४०

अय्या हे कसं सुटलं वहीतून! येत्या बुधवारच्या पुढचा बुधवार. नवऱ्याला हाफ डे टाकायला सांगते, दुपारची गाडी करता येईल.

वाशी_रातराणी | ८ एप्रिल, पहाटे ४:५०

नाईट ड्युटीवरून लिहितेय, मी सिस्टर आहे. २० ऑगस्टला आमच्याकडे डासांचा दिवस असतो, हसू नका, खरंच असतो. १८९७ मध्ये त्या दिवशी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला अ‍ॅनोफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. मी मुलांना टॉर्च देते आणि म्हणते घरात साठलेलं पाणी शोधा. कुंड्यांच्या ताटल्या, फ्रीजच्या मागचा ट्रे, एसीची बादली, बाल्कनीत पडलेलं झाकण. एकेका जागेला एक चॉकलेट. गेल्या वर्षी फ्रीजच्या ट्रेमध्ये वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या, माझ्या घरात, सिस्टरच्या. ऑगस्टमध्ये वॉर्डात काय गर्दी असते ते मी बघते, म्हणून कळकळीने सांगतेय, हा दिवस वहीत लिहा, आणि एकदाच नको, दर रविवारी.

एक_डबा_पुढे | ८ एप्रिल, सकाळी ११:००

माझ्या सासऱ्यांचा वाढदिवस २९ फेब्रुवारी, आता थेट २०२८ ला. मोरारजी देसाईंचाही तोच, १८९६ चा जन्म, आणि १९०० हे लीप वर्ष नव्हतं म्हणून त्यांची पहिली २९ फेब्रुवारी एकदम १९०४ ला आली. आम्ही मधल्या वर्षी तिथीने ओवाळतो, नाहीतर ते हिरमुसतात.

तलावपाळी | १७ एप्रिल, रात्री १०:३०

काल केलं! धाकट्याची शाळा सकाळची होती त्यामुळे दुपारी सीएसएमटीला जाता आलं. ३:३५ ची नेमकी गाडी नव्हती, पुढची स्लो ठाणा मिळाली, खिडकी पण मिळाली. लेकीने प्रत्येक स्टेशन वहीत लिहिलं, सीएसएमटी धरून ठाण्यापर्यंत एकोणीस. धाकटा सारखा विचारत होता की तेव्हा भांडुपला काय होतं, कांजूरला काय होतं. सासूबाई म्हणाल्या शेतं आणि खाडी असेल बाळा, लोक रुळाच्या बाजूला उभे राहून बघत असतील बैल कुठे जोडलेत म्हणून. समोर बसलेले एक आजोबा ऐकत होते, ते रेल्वेतून रिटायर झालेले निघाले, त्यांना आज १६ एप्रिल आहे हे माहीत होतं. कळव्याला घरी जाणार होते, गाडी ठाण्यापर्यंतच, तर ठाण्याला उतरल्यावर आधी धाकट्याशी शेकहँड करून मग दुसऱ्या प्लॅटफॉर्मला गेले. लेकीने त्यांची पण नोंद केलीय.

घरी आल्यावर काही केलं नाही वेगळं, वरणभातच होता.

खारघर_टेकडी | १८ एप्रिल, सकाळी ७:००

सुंदर! तलावपाळी ताई, आता १६ मे लिहा वहीत. शून्य सावली दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या गावांत वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, दिल्लीवाल्यांना हे कधीच बघायला मिळत नाही. आपलं ठाणं १९.२ अंशांवर, त्यामुळे मेच्या मध्यावर एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा, जुलैत ढगच असतात म्हणून मेचाच धरायचा. वेळ दुपारी साधारण १२:३५, बाराला नाही, कारण देशभरातली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेने लावलेली आणि आपण त्याच्या पश्चिमेला, आपल्याकडे सूर्य उशिरा डोक्यावर येतो. उभा ग्लास, बाटली, सेल, काहीही सरळ उभं राहणारं घ्या. अर्धा तास आधीपासून सावलीची खडूने रेघ मारत जा.

तलावपाळी | १६ मे, दुपारी २:१०

आत्ताच खाली आलो, घामाने निथळतोय सगळे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सव्वाबाराला गच्चीवर गेलो. वॉचमन काकांनी किल्ली दिली आणि काय करताय बघायला तेही आले, मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली आल्या. स्टीलचा उभा ग्लास पालथा ठेवला, त्याच्या बाजूला सेल, लाटणं आणि सासूबाईंची काठी लेकीने धरून ठेवली. खडूने रेघा मारत गेलो, प्रत्येक रेघ आधीच्यापेक्षा आखूड. १२:३० ला ग्लासाच्या पायाशी नखाएवढी काळी कड राहिली होती. मग ती पण ग्लासाखाली गेली. ग्लास असा दिसायला लागला की कोणीतरी चित्रात काढून चिकटवलाय, जमिनीवर टेकलाय असं वाटेचना. काठीला सावलीच नाही. धाकट्याने खाली बघितलं, त्याची सावली त्याच्या चपलांभोवती गोळा झाली होती, त्याने एक पाय उचलून बघितला खाली आहे का, मग दुसरा. सासूबाई छत्री घेऊन उभ्या होत्या, छत्रीची सावली गोल, बरोब्बर त्यांच्या भोवती, आणि त्या मधोमध. इतकी वर्षं डोक्यावर सूर्य आला म्हणत होते, आला म्हणजे काय ते आज बघितलं, म्हणाल्या.

वॉचमन काका उत्तर प्रदेशातले आहेत, म्हणाले आमच्या गावी असं नाही होत का? लेकीने त्यांना खडूने जमिनीवर कर्कवृत्त काढून दाखवलं. त्यांनी फोटो काढून घरी पाठवला. स्टेटसचा नियम आमच्या घरापुरता आहे, त्यांना लागू नाही असं लेकीने जाहीर केलं.

सीवूड्स_सकाळ | १६ मे, दुपारी २:४०

आमच्याकडे ऐन वेळी ढग आला हो! १२:३३ ला. दोन मिनिटांनी गेला पण तोवर पोरं ओरडून ओरडून दमली. तरी बाटलीची दिसली, नाही दिसली म्हणजे. कळलं ना?

कोपरीकर | १६ मे, दुपारी ३:२०

मी प्लॅटफॉर्मवर होतो, शिफ्टला निघालेलो. घड्याळात १२:३५ बघितलं आणि शेडमधून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो, पाण्याची बाटली खाली ठेवली. खरंच नव्हती सावली. पोराला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. माई, कांदेनवमीची तारीख कॅलेंडरमध्ये बघून कळवा.

नेरूळची_माई | १६ मे, दुपारी ४:०५

कळवते रे. छोटे कांदे मिळाले तर माझ्यासाठी पण घे, इकडे मोठेच येतात.

तलावपाळी | १६ मे, दुपारी ४:३०

@खारघर_टेकडी सर खूप खूप धन्यवाद, लेक विचारतेय जुलैतल्या दुसऱ्या वेळी ढग असले तरी गच्चीवर जायचं का. मी म्हटलं जायचं. बाकी नंतर लिहिते, ग्लास वरच राहिलाय, धाकटा आणायला गेलाय तो अजून आला नाही.